उद्घाटन बाकी

मोताळ्याच्या बाजारपेठेत धम्मशीला हिवराळेचं मेडिकल आहे. दुकानाच्या मागे, औषधांच्या रिकाम्या खोक्यांपलीकडे, एक लहानसा संडास. तो तिनं स्वतःसाठी बांधून घेतला होता, पण आठवडी बाजाराच्या दिवशी तो तिचा राहत नसे. बाजार भरला की बाया काउंटरशी येऊन उभ्या राहत. एखादी उगाच डोकेदुखीची गोळी घेई, एखादी बामची डबी, आणि मग आवाज खाली घेऊन विचारी, "ताई, मांगं जागा हाये काय?"

नाही म्हणणं तिला जमत नसे. अख्ख्या पेठेत बायांसाठी तेवढीच जागा होती. पुरुषांचं कुठल्याही भिंतीआड भागत होतं. दुपारपर्यंत टाकीतलं पाणी संपे, गिऱ्हाईक कोण आणि रांगेतली कोण हे कळेनासं होई, आणि धम्मशीलाचा आवाज चढू लागे. राग त्या बायांवर नसे, पण बोलणं त्यांनाच बसे. मग घरी जाताना ती स्वतःवरच चिडलेली असे.

गोजरबाई त्या रांगेतही कधी नसे. ती जवळच्या खेड्यातून भाजी घेऊन येई. माल सोडून उठता येत नाही म्हणून घरून निघाल्यापासून पाणीच पीत नसे. बाजार उठताना मात्र लघवीच्या जळजळीच्या पुड्या न्यायला तिचा फेरा ठरलेला.

"पानी पेत जा, गोजरबाई. ह्या पुड्यानं काही होत नाही."

"पेईन नं ताई. पन मंग जाऊ कुठी?"

धम्मशीलानं पुड्या कागदात बांधून दिल्या.

अशातच पेठेतल्या व्यापारी संघानं तिला कार्यकारिणीवर घेतलं. प्रत्येक संघात एक तरी महिला हवी असं वरून सांगणं आलं होतं. अध्यक्ष रमाकांतभाऊ चोपडे स्वतः पेढे घेऊन दुकानात आले. त्यांचं कापडाचं दुकान पेठेत सगळ्यांत मोठं. माणूस वाईट नव्हता. एका पावसाळ्यात नाल्याचं पाणी दुकानांत शिरलं तेव्हा त्यांनीच मलकापूरहून पंप आणवले होते, भिजलेल्या मालाच्या विम्यासाठी एकेका दुकानदाराला बरोबर घेऊन खेटे घातले होते. संघ म्हणजे काय हे लोकांना तेव्हा कळलं. तेव्हापासून सलग तेच अध्यक्ष होते.

धम्मशीलाचा नवरा प्रेमानंद एसटीत कंडक्टर. तो पेढा खात म्हणाला, "फोटोपुरतं घेऊन राह्यले तुले."

"घेऊ दे. फोटोत असली तर तोंड तरी उघडता येईन."

पहिल्याच मीटिंगला तिनं बायांच्या स्वच्छतागृहाचा विषय काढला. वाद होईल म्हणून ती तयारी करून गेली होती. वाद झालाच नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. रमाकांतभाऊ म्हणाले, "ताई, लाखमोलाचा विषय मांडला तुमी. बाया पेठेत थांबल्या तरच धंदा टिकते. मांगच्या प्रदर्शनाचा पैसा संघाकडं पडूनच हाये. बांधून टाकू."

ती घरी आली ती इतक्या आनंदात, की प्रेमानंदला शंका आली. "जागा कोणती ठरली?" त्यानं विचारलं.

जागा ठरायची होती.

जागा ठरवायला कार्यकारिणी पेठेतून पायी निघाली. पहिली जागा जानरावच्या हॉटेलशेजारी. जानरावची मिसळ आणि आलूबोंडे तालुक्यात प्रसिद्ध होते. तो हात जोडून पुढे आला. "बांधा, जरूर बांधा. गरजच हाये. पन अठी लोकं नाश्ता करतेत, भाऊ."

त्याच्या मागे त्याची बायको सोजराबाई कढईत झारा फिरवत होती. तिनं मान वर केली, पुन्हा खाली घातली.

दुसरी जागा रमाकांतभाऊंच्या गोदामामागची. "माह्याकडं लग्नाचे बस्ते काढायले पाव्हणे येतेत, ताई. पोरीकडले, पोराकडले. त्याहीले हे दिसलं तं बरं नाही वाटत."

"त्यांच्यातल्याच बाया माझ्याकडं येतात, भाऊ. बस्ता बांधून झाला की."

"हाव, ते बरोबर हाये. गरज हायेच," रमाकांतभाऊ म्हणाले आणि पुढे चालू लागले.

तिसऱ्या जागेजवळ देऊळ होतं, चौथ्या जागेवर कोणाची तरी गाडी लागत असे. संघाचा सचिव देवेश मोबाइलवर जागेचे फोटो काढत होता. त्याचं हार्डवेअरचं दुकान. शिकलेला, गोड बोलणारा पोरगा, आणि कधीच कोणाच्या विरोधात न जाणारा. धम्मशीलानं वैतागून म्हटलं, "माझ्याच दुकानामागं बांधा मग. मला चालतं."

हे सगळ्यांना एकदम पटलं. पण दुकानातून न जाता मागे जायची वाट रमाकांतभाऊंच्या गोदामावरून जात होती. तेही राहिलं.

शेवटी बाजाराच्या कोपऱ्यावर, पाण्याच्या टाकीच्या अंगाला, कोणाच्याच दुकानाला लागून नसलेली एक पट्टी सापडली. जानरावचं हॉटेल तिथून समोरच होतं, पण मध्ये रस्ता असल्यामुळे तो कुरकुरत गप्प बसला. नगरपंचायतीची परवानगी लांबेल असं सगळे म्हणत होते. ती लगेच आली. नळजोडणीही मिळाली. त्यामुळे दोष द्यायला बाहेरचं कोणी उरलं नाही.

बांधकाम मात्र चांगलं झालं. त्यात रमाकांतभाऊंनी कसूर केली नाही. ते स्वतः उन्हात उभे राहून फरश्या बसवून घेत. आत दोन खोल्या, बाहेर हात धुवायला बेसिन, वर टाकी. धम्मशीलानं दाराच्या आतून खुंट्या लावून घेतल्या, पिशव्या टांगायला. मग फलक आला. फलकावर सगळी कार्यकारिणी फोटोंसह होती, आणि तो इमारतीपेक्षा रुंद निघाला. कोणाचा फोटो कोणाच्या आधी यावरून दोन सदस्यांनी बोलणं सोडलं, म्हणून फलक बदलून आला. एवढं झाल्यावर दाराला लाल फीत बांधली, झेंडूची माळ लावली आणि कुलूप घातलं.

उद्घाटनाला मुंबईहून एक मोठे साहेब येणार होते. रमाकांतभाऊंनी त्यांच्याकडे बरीच ओळख लावून शब्द मिळवला होता. तारीख ठरली. साहेबांच्या घरी लग्न निघालं. दुसरी तारीख ठरली. अधिवेशन लांबलं. तिसरी ठरते न ठरते तोच निवडणुकीची आचारसंहिता लागली.

झेंडू वाळून गळून पडला. बाजाराच्या दिवशी बाया त्या नव्या इमारतीपाशी जात, कुलूप पाहत, आणि वळून मेडिकलकडे येत. आता त्या धम्मशीलालाच विचारत, "ताई, थे तुमीच बांधलं म्हन्ते. मंग उघडत काऊन नाही?"

"उद्घाटन बाकी आहे," ती सांगे. हे सांगताना तिचे कान गरम होत.

तिनं मीटिंगमध्ये विचारलं, "तोवर नुसतं उघडून ठेवलं तर?"

"वापरलेलं कसं दाखवाव साह्यबाले?" एकजण म्हणाला.

"संडास आहे तो. वापरायलाच आहे."

रमाकांतभाऊंनी समजुतीच्या सुरात विषय पुढे नेला. "उघडाचंच हाये, ताई. पन त्याच्याआंधी साफसफाईचं पाहा लागते. मी म्हन्तो, हे तुमीच हाती घ्या. तुमच्या तिकडून भेटतीन नं मानसं."

धम्मशीलाला वाटलं होतं की हे कधीतरी येईल. शाळेत आलं होतं, फार्मसी कॉलेजात आलं होतं, दुकान टाकताना आलं होतं. दर वेळी आपल्याला राग येईल असं तिला वाटे, आणि दर वेळी आधी थकवा येई.

"कोणत्या तिकडून, भाऊ?"

"म्हंजे... तुमच्या भागातून."

"माझ्या घराच्या एका बाजूला मास्तर राहतात. दुसऱ्या बाजूला वकील. समोर तलाठी आहेत, पण ते आता रिटायर झाले. त्यांना विचारू काय?"

रमाकांतभाऊंचा चेहरा उतरला. "मी तसं नव्हतं म्हटलं, ताई. तुमी उलटं धरलं. माह्या मनात असं काही अस्तं तं मी पेढे घेऊन आलो अस्तो काय?"

आणि मग सगळे त्यांचीच समजूत घालू लागले. भाऊंनी किती केलं आहे, भाऊंचा स्वभाव कसा आहे. एकानं धम्मशीलाला सांगितलं, "जाऊ द्या ना ताई, मोठ्या मनानं घ्या." देवेश मोबाइलमध्ये पाहत होता. कुलूप कधी उघडायचं हे त्या दिवशीही ठरलं नाही.

घरी तिनं प्रेमानंदला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "राजीनामा देऊन टाक."

"देते. पण कुलूप उघडल्यावर. आत्ता दिला तर त्यांना बरंच होईल."

त्यानंतरच्या बाजारी दुपारी रांग दुकानाबाहेर गेली आणि मागची टाकी आटली. गोजरबाई त्या दिवशी भरबाजारात माल सोडून आली होती. तिला ताप होता. कंबर धरून ती काउंटरला टेकली, आणि रांगेतल्या बाया तिला पुढे सोडत होत्या, पण आत पाणीच नव्हतं. धम्मशीलानं तिला खुर्चीवर बसवलं, डॉक्टरांकडे नंबर लावायला फोन केला आणि मग दुसरा फोन रमाकांतभाऊंना लावला.

ते खामगावला एका साखरपुड्यात होते. मागे सनई वाजत होती. "चाबी माह्यापाशीच हाये, ताई. सकाळी येतोच मी. मंग बसून बोलू."

तिनं देवेशला फोन केला. दुसरी चावी संघाच्या कपाटात होती, आणि कपाटाची चावी रमाकांतभाऊंकडे.

तिनं फोन ठेवला. शेजारच्या दुकानदाराला मेडिकलवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि सरळ देवेशच्या दुकानात गेली.

"लोखंड कापायची आरी दे."

"कायले पाह्यजे, ताई?"

"कुलूप कापायले."

देवेशनं तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. मग त्यानं आरी काढून तिला नवीन पातं लावून दिलं. "मी दुकानात नव्हतो असं सांगजा," तो हळूच म्हणाला.

"तू कधी असतोस?" ती म्हणाली आणि निघाली.

कुलूप चांगल्या प्रतीचं होतं, तेही देवेशच्याच दुकानातलं. धम्मशीलानं आयुष्यात कधी आरी चालवली नव्हती. पातं घसरत होतं, फीत मध्ये येत होती, ती तिनं ओढून बाजूला केली. भोवती बाया जमल्या. कोणी पिशवी धरली, कोणी कुलूप धरून ठेवलं. बाजारातले पुरुषही लांबून पाहू लागले. तिच्या तळहाताला फोड आला आणि कडीवर नुसती पांढरी रेघ उमटली होती. तिला रडू येईल असं वाटलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून जानराव येताना दिसला. आता हाही सुनावणार, असं समजून ती त्याच्याकडे न पाहता आरी ओढत राहिली. पण जानराव एकटा नव्हता. मागे सोजराबाई होती, पदराला बेसनाचे हात पुसत.

"धरा थे आरी," सोजराबाई नवऱ्याला म्हणाली.

"अवं, अध्यक्ष काय म्हन्तीन?"

"अध्यक्ष काय म्हन्तीन थे माहीत हाये मले. मी सकाऊनपासून भट्टीपाशी बसतो. मले जाव लागलं का गल्ली ओलांडून घरी जातो, तोवर तुमी घाना जाळता आन् मलेच बोलता. इतके वर्सं झाले. धरा."

जानरावनं आरी घेतली. "अशी नाही धरत, ताई," तो पुटपुटला. "जोर पुढं जाताना द्या लागते." तो खाली बसला. थोड्या वेळात कडी तुटली. कुलूप त्यानं खिशात टाकलं, जणू कोणी विचारलंच तर आपण ते जपून ठेवलं एवढं तरी सांगता यावं.

दार उघडलं. आत कित्येक महिन्यांची धूळ होती. सोजराबाईनं हॉटेलातून बादली आणि झाडू आणला. दोघी-तिघींनी मिळून फरशी धुतली, नळ सोडला, पाणी आलं. पहिली गोजरबाई गेली. तिच्या मालापाशी तेवढा वेळ धम्मशीला बसली, आणि मेथीच्या दोन जुड्या तिनं चुकीच्या भावानं विकल्या.

मग तिनं गोजरबाईला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, आणखी उशीर केला असता तर बुलढाण्याला पाठवावं लागलं असतं म्हणाले.

रमाकांतभाऊंनी तातडीची मीटिंग बोलावली. ते रागावलेले नव्हते, दुखावलेले होते, आणि ते जास्त अवघड होतं. "मी उन्हात उभा राह्यलो थ्या कामासाठी," ते म्हणाले. "एक दिवस थांबता नाही आलं तुमाले? साह्यबाले आता कोन्त्या तोंडानं बोलावू?"

"त्याच तोंडानं बोलवा," धम्मशीला म्हणाली. "नवीन फीत बांधू. मी स्वतः आणते. पण दाराला कुलूप लागणार नाही."

"आन् साफसफाई?"

"संघानं माणूस ठेवायचा, रीतसर पगार देऊन. दुकानांवर तसं लिहून लावायचं, ज्याला काम हवं तो येईल. कुठल्या तिकडून येतो ते विचारायचं नाही. आणि माणूस मिळेपर्यंत कार्यकारिणीनं पाळी लावायची. माझीही लावा."

कोणीतरी हसलं. ती हसली नाही, म्हणून तोही थांबला.

"पहिले दोन-चार दिवस मी पाहातो," जानराव म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. "काय करता? समोरच हाये नं माह्या. वास आला तं गिऱ्हाईक मलेच सोडून जाईन. माह्यापाशी पायप हाये."

पाळ्या अखेर नीट लागल्या नाहीतच. दोघांनी टाळलं, एकानं नोकराला पाठवलं. जानरावनं मात्र पाइप लावला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं कुरकुरत रोज फरशी धुतली. माणूस शेवटी रमाकांतभाऊंनीच मिळवला. मंगल कार्यालयांची सफाई मशीननं करणारा एक ठेकेदार होता, त्याच्याशी त्यांनी साडीच्या दुकानात करतात तशी घासाघीस केली आणि त्याला बांधून घेतलं. काम एकदा आपलं मानलं की ते सोडत नसत. ते आपलं मानायला लावणं हेच जिकिरीचं होतं.

साहेब पुढे बऱ्याच दिवसांनी आले. मंडप पडला, नवीन फीत बांधली. बाजाराचाच दिवस होता. भाषणं सुरू असताना एक बाई लेकराला कडेवर घेऊन फितीखालून वाकून आत गेली आणि काम उरकून तशीच बाहेर आली. तिच्यामागे आणखी एक. साहेबांनी कात्री हातात घेतली तेव्हा आत कोणी होतं, म्हणून सगळ्यांना दाराशी थांबावं लागलं. देवेशनं तो फोटो काढला नाही.

त्या कार्यक्रमानंतर एके दुपारी रमाकांतभाऊ मेडिकलमध्ये आले. बीपीच्या गोळ्या घेतल्या. त्या पिशवीत टाकूनही ते उभेच राहिले.

"माह्या सुनेनं मले लय बोललं," ते म्हणाले. "हिमानीनं. थ्या मीटिंगचं कुठून आयकलं तिनं कोन जाने."

धम्मशीला थांबली. या वेळी त्यांचं वाक्य पुरं करून द्यायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

"तिकडून म्हटलं होतं मी," रमाकांतभाऊ काउंटरवरच्या काचेकडे पाहत म्हणाले. "आन् उलटं तुमीच धरलं असंही म्हटलं. तुमी सरळच धरलं होतं."

"हो," ती म्हणाली.

तिनं सुटे पैसे परत दिले. "हिमानीला पुढच्या मीटिंगला पाठवा," ती म्हणाली. "कार्यकारिणीत आणखी एक जागा रिकामी आहे. मी राजीनामा देणार होते, तो अजून दिलेला नाही; पण राहायचं तर मला सोबत पाहिजे."

रमाकांतभाऊंनी मान हलवली. होकार होता की नुसती सवय, ते तिला कळलं नाही.

हिमानी आली. सासऱ्यांपासून दोन खुर्च्या सोडून बसली. मीटिंग स्वयंपाकाच्या वेळेला कशाला ठेवायची, दुपारी का नको, एवढा एकच विषय दोघींनी मांडला. तत्त्वतः कोणाचाच विरोध नव्हता. गरज सगळ्यांना मान्य होती. त्या एका ठरावावर बोलण्यात त्या संध्याकाळी जेवणाची वेळ टळून गेली.